झोपा आधी, घोडा मागाहून

‘बैल गेला अन् झोपा केला’ ही म्हण आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शाळेत तिचा वाक्यात उपयोगही करून झालेला असतो. पण झोपा म्हणजे नेमके काय, असे विचारले की बरेच जण चाचरतात. कोणाला वाटते, बैल गेला आणि मालक निवांत झोपला! वास्तविक झोपा म्हणजे गोठ्याच्या तोंडाशी लावायचे दार. आपल्या वऱ्हाडात कोठ्याच्या तोंडाशी तुराट्यांची किंवा बांबूच्या कामट्यांची ताटी असते, वावराच्या तोंडाशी बाभळीचे काटे ओढलेले असतात, तीच ही वस्तू. आधी दार करायचे आणि मग जनावर आणायचे, एवढा साधा उपदेश त्या म्हणीत आहे.

म्हण दाराच्या वेळेबद्दल बोलते. ते दार कसे असावे, हे मात्र ती सांगत नाही. बैलाच्या बाबतीत त्याची फारशी गरजही नव्हती. बैल दिवसभर जुवाखाली आणि रात्री दाव्याला असायचा. घोड्याचे तसे नाही. घोडा मोकळा सोडायचा झाला, तर त्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये उभे असते ते एक फाटकच. हे फाटक निवडताना आपण जेवढा विचार घराच्या गेटवरच्या नक्षीचा करतो, त्याच्या निम्मादेखील करत नाही. आजचा विषय हाच आहे.

घोडा अजून आहे

तेल्हाऱ्यासारख्या गावी घोड्याच्या फाटकाची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. पण या मातीला घोडा परका नाही. तेल्हारा तालुक्यातल्याच अडगावच्या मैदानावर २९ नोव्हेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांची आर्थर वेलस्लीच्या फौजेशी लढाई झाली. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगाला ठाऊक झालेला तो हाच. इंग्रजांच्या इतिहासात ही लढाई ‘अरगाव’ या नावाने नोंदली गेली. त्या दिवशी या पंचक्रोशीच्या वावरांतून दोन्हीकडची घोडदळे धावली. लढाया संपल्या, तरी घोडा राहिला. तो टांग्याला जुंपला गेला, पाटलाच्या दारात बांधला गेला आणि मेंढरे घेऊन हिंडणाऱ्यांची बिऱ्हाडे त्याच्याच पाठीवर लादली गेली.

आता टांगे गेले. देशाच्या पशुगणनेत २०१२ साली घोडे आणि तट्टे मिळून सुमारे सव्वासहा लाख होती. २०१९ च्या गणनेत ती जेमतेम ३ लाख ४० हजार भरली. सात वर्षांत संख्या जवळजवळ निम्मी झाली. तरीही लग्नसराईत वरातीची घोडी लागतेच. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याला आणि नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतोच. कानांची टोके एकमेकांकडे वळलेले मारवाडी आणि काठेवाडी घोडे पाहायला तिथे माणसांची रीघ लागते. हौसेने घोडा घेणारेही आहेत आणि त्यावर पोट असणारेही आहेत. आणखी एक गोष्ट आपण विसरतो. पावसाळ्यात वावरात साप चावला तर सरकारी दवाखान्यात जे विषावरचे इंजेक्शन मिळते, ते घोड्याच्याच रक्तापासून तयार होते.

तेव्हा घोडे संख्येने थोडे उरले असले, तरी ते मोलाचे आहेत. ज्याच्या घरी वरातीची एकच घोडी आहे, त्याच्या घरात तिचा पाय मोडला तर चूल थंडावते. माणसाच्या मोडलेल्या पायाला प्लास्टर घालून महिनाभर खाटेवर पडता येते. घोड्याला तसे पडून राहता येत नाही. तीन पायांवर एवढा भार पेलताना चांगला पायही निकामी होतो. म्हणून घोड्याचा मोडलेला पाय म्हणजे बहुतेक वेळा घोड्याचा शेवटच असतो.

दावे सुटले की दाराची जबाबदारी वाढते

आपली जुनी पद्धत जनावर बांधून ठेवण्याची. घोड्याला तर पुढे अगाडी, मागे पिछाडी आणि तोंडाला मोरकी, असा तिहेरी बंदोबस्त. शेगाव इथून काही दूर नाही. दासगणू महाराजांच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथातली गोविंदबुवा टाकळीकरांच्या द्वाड घोड्याची कथा वऱ्हाडात घरोघरी ठाऊक आहे. दोराला न जुमानणाऱ्या त्या घोड्यासाठी लोखंडी साखळ्या कराव्या लागल्या होत्या. तो घोडा महाराजांच्या सान्निध्यात शांत झाला. तुम्हा-आम्हाला ते सामर्थ्य नाही. आपल्याला दोर, साखळी आणि दार यांवरच भागवावे लागते.

हल्ली दृष्टी बदलते आहे. गाई-म्हशींसाठी मुक्त संचार गोठा ही कल्पना आता महाराष्ट्रात रुजली आहे. घोड्याला तर मोकळीक त्याहून जास्त हवी. त्याचे पोट लहान. थोडे-थोडे खात, चालत दिवसाचे चौदा-सोळा तास काढणारा हा प्राणी. चोवीस तास एका जागी बांधला की त्याचे पोट बिघडते, पाय सुजतात आणि स्वभाव चिडका होतो. त्यामुळे जाणते लोक आता घोड्यासाठी कुंपणाचे मोकळे आवार करतात. इंग्रजीत त्याला पॅडॉक म्हणतात.

बदल चांगला आहे. पण इथेच एक खाच आहे. दोरखंडाचे ज्ञान आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. कोणती गाठ आवळते, कोणती एका झटक्यात सुटते, हे मोतद्दाराच्या पोरालाही कळते. फाटकाचे असे ज्ञान आपल्याकडे साठलेले नाही, कारण फाटकावर विसंबण्याची वेळच आली नव्हती. मग आपण गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात जातो आणि बंगल्याला असते तसले गेट टाकतो. बंगल्याचे गेट चोराला अडवण्यासाठी आणि पाहुण्याला दाखवण्यासाठी असते. आवाराचे फाटक घाबरलेल्या घोड्यासाठी असते. या दोन वस्तूंचे नाव एक असले, तरी काम एक नाही.

घोड्याच्या पायाने पाहा

घोडा हे पळून जीव वाचवणारे जनावर आहे. बैल घाबरला तर थबकतो किंवा शिंगे रोखतो. घोडा आधी पळतो आणि मग विचार करतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने जवळजवळ चहूकडचे त्याला दिसते. पण थेट नाकासमोरचा आणि थेट शेपटीमागचा थोडा भाग त्याच्या नजरेत येत नाही. लग्नातला फटाका, डीजेचा दणका, पतंगासारखा उडत आलेला प्लास्टिकचा कागद, एवढे त्याला पुरते. साडेतीन-चारशे किलोचा देह भरधाव फाटकावर येतो. फाटक त्या क्षणासाठी निवडायचे असते. शांतपणे चरणाऱ्या घोड्याला सुतळीसुद्धा अडवते.

त्यातून घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली मांस जवळजवळ नाहीच. हाड, शिरा आणि कातडी, बस्स. तिथे झालेली जखम भरायला महिने लागतात. शिवाय पाय अडकला की तो शांत उभा राहून सोडवणाऱ्याची वाट पाहात नाही. तो ओढतो, आणखी ओढतो आणि कातडी सोलून काढतो. त्यात धनुर्वाताला सर्वाधिक बळी पडणाऱ्या पाळीव जनावरांत घोड्याचा क्रमांक अगदी वरचा. म्हणून धनुर्वाताची लस वेळच्या वेळी टोचून घ्यावी हे खरेच, पण जखमच होणार नाही असे फाटक असणे हा पहिला उपाय.

यातून एक सोपा नियम निघतो. फाटकातली कुठलीही फट एक तर इतकी लहान हवी की खूर आत जाणार नाही, म्हणजे तीन इंचांच्या आत. नाही तर इतकी मोठी हवी की आत गेलेला पाय किंवा डोके तसेच बाहेर येईल, म्हणजे एक फुटाच्या पुढे. यांच्या मधले माप म्हणजे सापळा. बाजारातल्या तयार गेटांतले गज नेमके चार-पाच-सहा इंचांवर बसवलेले असतात! घोडीबरोबर शिंगरू असेल, तर त्याचा इवलासा खूर लक्षात घेऊन फाटकाला खालून वरपर्यंत दोन इंचांहून अरुंद घरांची बळकट जाळी लावलेली उत्तम. जाळीची टोके बाहेरच्या बाजूला वळवावीत.

दुसरी गोष्ट तिरक्या पट्टीची. फाटक लोंबू नये म्हणून आपण त्यात फुलीच्या आकाराच्या किंवा तिरप्या पट्ट्या घालतो. तिरकी पट्टी जिथे आडव्या दांडीला मिळते, तिथे खाली निमुळता होत जाणारा कोपरा तयार होतो. लोळणाऱ्या किंवा लाथ मारणाऱ्या घोड्याचा पाय त्यात घसरत जाऊन पाचरीसारखा बसतो. गोल पाइपचे, चारही सांधे नीट वेल्ड केलेले आणि मध्ये एक-दोन उभे आधार दिलेले फाटक तिरप्या पट्टीशिवायही ताठ राहते. लाकडी फाटकाला मात्र तिरकी पट्टी लागतेच. ती बिजागरीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यातून कडीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याकडे जायला हवी. उलटी बसवली तर लाकूड दाब घेत नाही आणि फाटक वर्षभरात नाक घासू लागते. अशा पट्टीवर घोड्याच्या बाजूने जाळी किंवा फळ्या ठोकून कोपरे बुजवावेत.

तिसरी गोष्ट शोभेची. गेटच्या माथ्यावर भाल्याची टोके बसवायची आपल्याकडे फार हौस. घोडा उसळून पुढचे पाय वर टाकतो, तेव्हा त्या टोकांचे काय होते, हे लिहवत नाही. टोके नकोत, कंगोरे नकोत, उघड्या पाइपांची धारदार तोंडे नकोत. पाइपांची तोंडे टोप्या घालून बंद करावीत. गांधीलमाश्या तिथे घरटी करतात आणि फाटक उघडताना माणूस अन् घोडा दोघेही बिथरतात, हेही त्याचे एक कारण. खालच्या दांडीला मात्र साचलेले पाणी निघून जायला एक बारीक छिद्र ठेवावे. पत्र्याने मढवलेले गेटही टाळावे. त्याच्या खालच्या कडेची सुरी होते, उन्हाळी वावटळीत ते शिडासारखे फडफडते आणि त्यापलीकडचे काही दिसत नसल्याने घोडा त्याला बुजतो.

उंची साधारण साडेचार ते पाच फूट असावी. नर घोडा असेल तर पाचाच्या खाली नको. रंगाचीही एक गंमत आहे. घोड्याला निळा आणि पिवळा रंग चांगला कळतो, लाल आणि हिरव्याची मात्र त्याच्या डोळ्यांत गल्लत होते. हिरव्या पऱ्हाटीपुढचे तांबडे फाटक आपल्याला उठून दिसते, त्याला तितके नाही. ब्रिटनमधल्या घोड्यांच्या अडथळा-शर्यतींत अडथळ्यांवरच्या नारिंगी खुणा एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधनानंतर २०२२ पासून बदलून पांढऱ्या करण्यात आल्या, त्या याच कारणाने. आपण निदान फाटकाच्या वरच्या दांडीला पांढरा रंग द्यावा. आपल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पांढरे लोखंड काळ्यापेक्षा कमी तापते, हा वर आणखी फायदा.

काळी माती आणि खारे पाणी

आता टिकाऊपणाचे पाहू. फाटक बिघडले, असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा बिघडलेला असतो तो खांब. वऱ्हाडची काळी माती कापसाला माउली, पण खांबाला सासू! पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून हात-हात भेगा देते. या उलाढालीत खांब दर वर्षी थोडा-थोडा हलतो. मृगात नीट लागणारी कडी चैत्रात कोयंड्यापासून दोन बोटे दूर जाते. मग आपण तिला तारेने बांधतो आणि तो तात्पुरता उपाय दहा वर्षे चालतो.

खांबाच्या एकूण लांबीचा निदान एक तृतीयांश भाग जमिनीखाली हवा. काळ्या रानात साडेतीन-चार फूट खोल जावे. खड्डा तळाशी रुंद आणि वर अरुंद ठेवावा, म्हणजे फुगणारी माती खांबाला वर उचलू शकत नाही. उपसलेली काळी माती परत त्याच खड्ड्यात लोटू नये. तळाला आणि भोवताली मुरूम ठोकून भरावा. वरच्या काँक्रीटला चहूकडे उतार द्यावा, म्हणजे पाणी खांबाच्या बुडाशी थांबत नाही. फाटकाच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना दहा-बारा फूट मुरूम पसरावा. तिथे जनावरांची वर्दळ सर्वाधिक असते आणि श्रावणात चिखलात घसरून जेवढे घोडे पडतात, तेवढे पळताना पडत नाहीत.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात दुसरा शत्रू आहे, तो म्हणजे मीठ. तेल्हारा तालुक्याचा बराच भाग या पट्ट्यात येतो. बोअरच्या खाऱ्या पाण्यात कालवलेले काँक्रीट आतल्या लोखंडाला गंज लावते. बाहेरून खांब धडधाकट दिसतो आणि आत सळईचा भुगा झालेला असतो. वानच्या नळाचे दोन पिंप गोडे पाणी खांबाच्या कामी लावले तर ती उधळपट्टी होत नाही. लोखंडाला जस्ताचा मुलामा असलेला पाइप वापरावा. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. मात्र वेल्डिंग केले की त्या जागचा मुलामा जळतो. तिथे जस्ताचा रंग परत लावून घ्यायला दुकानदाराला बजावावे. जस्त जळताना निघणारा पांढरा धूर छातीत जाणे वाईट, म्हणून ते काम उघड्यावर करावे आणि पोरांना दूर ठेवावे.

पाइप दीड ते दोन इंच व्यासाचा, चौदा किंवा सोळा गेजचा असावा. गेजचा आकडा जितका मोठा तितका पाइप पातळ, हे ध्यानात ठेवा. वीस गेज ऐकायला भारदस्त वाटतो, पण लाथेसरशी फाटतो आणि फाटलेला पाइप तलवारीसारखा होतो. लाकूडच हवे असेल तर सागवान टिकते. मात्र उधईपासून जपावे लागते आणि घोड्याला लाकूड कुरतडण्याची सवय असेल तर वरच्या दांडीवर लक्ष ठेवावे लागते.

बिजागरी, कडी आणि लोंबकळणारी पोरे

बैलगाडी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली आत न्यायची म्हणजे बारा फुटांची वाट हवी. अशा फाटकाचे वजन साठ किलो धरू आणि दोन बिजागऱ्यांत साडेतीन फुटांचे अंतर आहे असे समजू. तराजूच्या साध्या हिशेबाने वरच्या बिजागरीवर शंभर किलोंहून अधिक आडवी ओढ सतत असते. त्यात फाटकाच्या टोकाला पंचवीस किलोचे पोर झोके घेऊ लागले की आणखी पंचाऐंशी किलोंची भर पडते. खांब का कलतो, याचे उत्तर पुष्कळदा इयत्ता तिसरीत शिकत असते!

तेच फाटक सहा-सहा फुटांच्या दोन पाखांचे केले, तर प्रत्येक पाखाचे वजन निम्मे आणि लांबीही निम्मी. वरच्या बिजागरीवरची ओढ एक चतुर्थांश होते, जेमतेम सव्वीस किलो. मात्र दोन पाखांची मधली जोड कच्ची राहते. तिथे जमिनीत काँक्रीटच्या भोकात उतरणारी खिट्टी हवीच. याहून उत्तम म्हणजे गाडीसाठी मोठे फाटक वेगळे आणि घोड्याच्या रोजच्या येण्याजाण्यासाठी पाच फुटांचे छोटे फाटक वेगळे. पाचाहून फार अरुंद नको. घोडा घाईने निघाला की त्याच्या कमरेचे हाड खांबावर आपटते. एकदा असे लागले की तो पुढे प्रत्येक दारातून उधळतच निघतो.

बिजागऱ्या खुंट्यांवर टांगलेल्या असतात. दोन्ही खुंट्यांची तोंडे वर असली, तर घोडा मानेखाली दांडी घेऊन फाटक सहज उचलून काढतो. वरचा खुंटा उलटा, तोंड खाली करून बसवला की हा खेळ बंद. आटे पाडलेल्या, मागेपुढे करता येणाऱ्या बिजागऱ्या मिळाल्या तर काळ्या मातीत त्या फार उपयोगी. खांब कलला तरी नट फिरवून फाटक सरळ करता येते.

कडी अशी हवी की एका हातात घोड्याचा दोर असताना दुसऱ्या हाताने ती उघडता यावी. पण घोड्याच्या ओठांना ती उघडता येऊ नये. घोड्याचे ओठ बोटांसारखे चालतात. साधी सरकती कडी हुशार घोडा आठ दिवसांत शिकतो. म्हणून कडीबरोबर बाहेरच्या बाजूने एक आकडीची साखळी असावी. साखळी आखूड असावी, कारण लोंबणाऱ्या फासात खूर किंवा मोरकी अडकते. कडीची दांडी आवारात पुढे आलेली नसावी. तिच्यावर घोड्याची बरगडी फाटते. कुलूप लावायचे असेल तर किल्ली घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या एकाच खिळ्यावर. कडब्याच्या गंजीला आग लागली, तर किल्ली शोधायला वेळ नसतो.

फाटक आवाराच्या आत उघडावे, म्हणजे घोडा रेटून बाहेर काढू शकत नाही आणि उघडल्यावर कुंपणाला सपाट टेकावे. त्याची जागा कोपऱ्यात नको. कोपऱ्यात दबक्या स्वभावाचा घोडा दांडगटाच्या तावडीत सापडतो. चारा फाटकाशी टाकू नये, हेही त्याच कारणाने.

एक शब्द तारांविषयी. रोही आणि रानडुकरे यांच्या त्रासाने आपल्याकडे धुऱ्याधुऱ्यावर काटेरी तार आली. ती घोड्याच्या आवाराला, निदान फाटकाच्या आसपास, अजिबात नको. सौर झटका यंत्राची तार चालते, पण फाटकावरून जाणाऱ्या तारेला प्लास्टिकच्या मुठीचा आकडा हवा आणि फाटक उघडताना तो भाग विजेपासून तुटला पाहिजे. विजेच्या खांबावरचा प्रवाह थेट तारेत सोडणे हा गुन्हा आहे. आजवर त्यात रानडुकरांबरोबर माणसेही मेली आहेत.

पैसा नसेल तर

एवढे सगळे करायचे म्हणजे खर्च, असे वाचकांच्या मनात आलेच असेल. त्याला आपल्याच पांधणीवर उत्तर आहे. दोन भक्कम खांब, त्यांना समोरासमोर तीन-तीन भोके आणि त्यांतून सरकणाऱ्या तीन सरळ, गुळगुळीत बल्ल्या. बिजागरी नाही, कडी नाही, वेल्डिंग नाही. बल्ल्यांमध्ये एक फुटाहून जास्त अंतर ठेवावे आणि प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना आरपार खिट्टी घालावी. पथ्य एकच. घोडा नेताना तिन्ही बल्ल्या पूर्ण काढायच्या. खालची तशीच ठेवून ‘ओलांडेल की’ म्हणायचे नाही. हे फाटक बंगल्यापुढे शोभणार नाही, पण चुकीच्या मापाच्या महागड्या गेटपेक्षा ते घोड्याला कितीतरी सुखाचे.

खर्चाचा हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडावा. रात्री फाटक उघडे राहिले आणि घोडा शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरला, तर नुकसानभरपाई, कोंडवाडा आणि भाऊबंदकीतला अबोला हे ओघाने येते. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यापासून हे भांडण सरकारदरबारी नोंदलेले आहे. घोडा ज्वारीच्या कणसांवर किंवा धान्याच्या राशीवर तुटून पडला, तर पोटशुळाने त्याचा जीवही जातो. तो डांबरी रस्त्यावर आला आणि समोरून मोटारसायकल आली, तर मग हिशेब फक्त घोड्याचा राहात नाही.

आणि चांगले फाटक बसवले तरी माणसाची सवय लागतेच. फाटक अर्धवट उघडून घोडा कधी आत घालू नये, पूर्ण उघडावे. आत गेल्यावर घोड्याचे तोंड फाटकाकडे वळवावे, मग मोरकी काढावी आणि आपण मागे सरकावे. सुटताक्षणी तो गिरकी घेऊन लाथा झाडतो, ती लाथ मग आपल्याला लागत नाही. मुलांना फाटकावर झुलू देऊ नये. सरकते जड गेट असेल तर त्याच्या पन्हाळीच्या शेवटी अडणी आहे ना, हे पाहावे, कारण रुळावरून निसटून अंगावर पडलेल्या गेटांनी लेकरे गेली आहेत. वर्षातून दोनदा, पोळ्याच्या आणि पाडव्याच्या आधी, बिजागऱ्यांना तेल द्यावे, नट आवळावेत आणि आवाराच्या आत उभे राहून सगळ्या फटींवरून एकदा हात फिरवावा. जिथे बोटाला बोचते, तिथे कातडीही फाटते.

पोळ्याला आपण बैलांची शिंगे रंगवतो, झूल घालतो, तोरणाखाली मानाने उभे करतो. वरातीच्या घोडीलाही तसेच सजवतो. जनावरावरची माया आपल्याकडे कमी नाही. ती मायाच थोडी झोपा करण्याकडे वळवायला हवी. घोडा घेण्यासाठी सारंगखेड्याची वाट धरण्याआधी वेल्डिंगच्या दुकानाची वाट धरावी, हातात माप आणि मनात घोड्याचा पाय घेऊन. म्हणीतला मालक उशिरा जागा झाला. आपल्याला निदान म्हण तरी आधीपासून पाठ आहे.